लेगला पळणारा पाय

लग्न होऊन लालबागच्या चाळीत आले तेव्हा मला क्रिकेटमधलं ओ की ठो कळत नव्हतं. आमच्याकडे मालवणात पोरं विटीदांडू खेळायची, नाहीतर खाडीत डुंबायची. इथे आले तर सासरच्या खोलीत दाराआड देवाच्या फोटोखाली तीन स्टंपा उभ्या. सासूबाई रोज सकाळी देवाला फूल वाहायच्या आणि उरलेलं त्या स्टंपांवर ठेवायच्या. म्हणायच्या, "ती माझी सवत आहे गो. तिलाही थोडं द्यावं लागतं."

मामंजी गिरणीतून रिटायर झालेले कारकून. पण त्यांना कारकून म्हणून कोणी ओळखत नसे. सगळं गिरणगाव त्यांना मास्तर म्हणायचं. परळच्या मैदानावर रविवारी सकाळी ते चाळीतल्या पोरांना क्रिकेट शिकवायचे, फुकट. डोक्यावर मळकी सोला हॅट, पायात कॅनव्हासचे बूट, हातात वेताची छडी. छडी मारायला नव्हती, पाय कुठे टाकायचा ते जमिनीवर दाखवायला होती. त्यांच्या हाताखालून कितीतरी पोरं गेली, आणि त्यातला एक देशाच्या टीममध्ये पोचला. त्याचं नाव मी काही घेत नाही. आमच्या चाळी त्याला हिरो म्हणायच्या, मीही तसंच म्हणते.

हा हिरो लहानपणी आमच्याच खोलीत जेवायचा. सासूबाई त्याला सोलकढी वाढायच्या. पुढे मोठ्या जिमखान्याने त्याला उचललं, दादरला ब्लॉकमध्ये राहायला गेला, आणि मास्तरांकडे यायचा थांबला. त्याचं कोणाला काही वाटलं नाही. मोठी माणसं अशीच जातात.

आता ते दिवस कसले होते ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं तुम्हाला खरं वाटणार नाही. संयुक्त महाराष्ट्राचे दिवस. आज मोर्चा, उद्या हरताळ, परवा प्रभातफेरी. फाउंटनला गोळ्या चालल्या होत्या, त्यात आमच्या पलीकडच्या गल्लीतला एक तरुण गेला होता. त्याची आई नळावर यायची तेव्हा सगळ्या बायका हंडे बाजूला घेऊन तिला वाट करून द्यायच्या. माणसं तापलेली होती. मराठी माणसाचं जे जे होतं ते सगळं छातीशी धरून बसली होती. आणि हिरो मराठी होता. तो खेळायला उतरला की चाळीला वाटायचं, आपला मोर्चाच मैदानात उतरलाय. तळमजल्यावर जिन्यापाशी एक काळा फळा होता. त्यावर वर मोर्चाची वेळ आणि खाली हिरोच्या धावा, एकाच खडूने लिहिलेल्या.

तो खडू चाळ कमिटीच्या सेक्रेटरींच्या खिशात असायचा. चाळिशीचा माणूस, आवाज खणखणीत, घोषणा द्यायला त्यांनी तोंड उघडलं की कबुतरं उडायची. चळवळीत दोनदा तुरुंगात जाऊन आलेले. माणूस वाईट नव्हता हो. माझ्या बाळंतपणात टॅक्सी त्यांनीच आणली. पण आपल्या बाजूचं कोण आणि पलीकडचं कोण, हे ठरवल्याशिवाय त्यांना जेवण जात नसे.

तर झालं असं, की हिरोची विलायतेच्या दौऱ्यासाठी निवड झाली. चाळीत पेढे वाटले. दुसऱ्या दिवशी एक पेपरवाला माणूस मामंजींना शोधत वर आला. मी चहा केला. तो म्हणाला, "मास्तर, तुमचा चेला विलायतेला चाललाय. काय वाटतं?"

मामंजींनी बशीतला चहा संपवला आणि म्हणाले, "पोरगा गुणी आहे. असा हात मी दुसरा पाहिला नाही. पण अंगावर वेगवान बॉल आला की त्याचा मागचा पाय स्टंपा सोडून लेगला पळतो. डोळे मिटतात. इथे काथ्याच्या मॅटिंगवर खपतं, तिथे तोंडावर लागेल. बोटीवर चढायच्या आधी एकदा, एकच सकाळ, बॅट घेऊन माझ्यासमोर उभा राहा म्हणावं. पाय मी लावून देतो."

एवढंच. मी समोर होते. एवढंच बोलले आणि त्यांना एवढंच हवं होतं. दुसऱ्या दिवशी पेपरात काय आलं? 'तो भितो, माजी प्रशिक्षकाची टीका.' एकच सकाळ उभा राहा म्हणावं, ते कुठेच नाही.

मला पेपर वाचता यायला लागला तो मामंजींमुळे. माझी शाळा चौथीतच सुटली होती. त्यांचे डोळे अधू होते म्हणून रोज सकाळी मोठ्याने वाचायला बसवायचे. त्या सकाळी तो मथळा मीच वाचला. ते म्हणाले, "पुढे वाच." मी म्हटलं, "पुढे नाही काही." त्यांनी छडी हातात फिरवली. मग म्हणाले, "पोरगा घाबरेल आता. येणार नाही." स्वतःचं काय होईल ते त्यांच्या डोक्यातही आलं नाही.

ते मला नळावर कळलं. शेजारची मावशी, आमच्याच गावाकडची, माझ्याशी नेहमी गोड. त्या दिवशी माझा हंडा लाथेने मागे सारला. "काय गो, तुजो सासरो पेपरात काय बरळलो? आमच्या झिलाक भित्रो म्हणता?"

मी म्हटलं, "मावशी, ते तसं नाही म्हणाले."

"मग पेपरवालो खोटो?" मागची एक म्हणाली, "अगं, पैसे खाल्ले असतील पलीकडच्यांचे. मराठी माणूस पुढे गेलेला बघवत नाही ना कोणाला." आणि सगळ्या हसल्या. माझा नंबर येईपर्यंत नळ गेला.

मामंजी रविवारी मैदानावर गेले तर एकही पोर नाही. आयांनी पाठवली नाहीत. मामंजींनी स्टंपा ठोकल्या, थोडा वेळ उभे राहिले, उपटल्या, घरी आले. सासूबाईंनी विचारलं, "आज लवकर?" म्हणाले, "ऊन होतं."

मग सेक्रेटरींच्या डोक्यात प्रेतयात्रेचं आलं.

त्या काळात प्रेतयात्रा काढायच्या. नावडत्या मंत्र्याचा पेंढ्याचा पुतळा करायचा, तिरडीवर बांधायचा, बोंबा मारत नाक्यावर नेऊन जाळायचा. आमच्या लोकांचा त्यात हातखंडा होता. बांबू, कामट्या, मडकं, सगळं पटापट. पण मंत्री कधी बघायला यायचा नाही. मास्तर तर दुसऱ्या मजल्यावर राहत होते.

पुतळा खालच्या व्यायामशाळेत बांधला. त्याला सोला हॅट घातली. काखेत छडी दिली. आणि मग प्रश्न आला, मडकं कोण धरणार? मडकं मुलानेच धरायचं असतं. आणि आमच्या लोकांना एकदा विधी करायचा म्हटलं की चुकीचा केलेला खपत नाही.

आमचे हे चळवळीत होते. सेक्रेटरींच्या मागे पोस्टरं चिकटवत फिरायचे. सेक्रेटरी त्यांना म्हणाले, ते मी जिन्यातून ऐकलं, "बघ बाबा. गोळ्या खाल्लेल्यांना आई-बाप नव्हते काय? तुला जमत नसेल तर राहू दे. आम्ही समजू काय समजायचं ते."

हे त्यांच्यामागून व्यायामशाळेत गेले. वर आले नाहीत.

रविवारी सकाळी दहाच्या सुमाराला यात्रा निघाली. आधी रस्त्यावर जायची सोडून ती वर आली. प्रत्येक मजल्याच्या गॅलरीतून, एकेका दारावरून. "राम बोलो भाई राम!" पोरं ताटल्या बडवतायत, कोणी खोटं रडतंय, "आता पाय कोण बघणार हो मास्तर!" बायका दारात उभ्या राहून पदर तोंडाला लावून हसतायत. काही तर हसत हसत खरंच रडायला लागल्या, मयत बघितलं की रडायची सवय म्हणून. आणि सगळ्यांत पुढे, शिंकाळ्यात मडकं धरून, त्यात धुमसता विस्तव, आमचे हे. आमच्या लग्नातला सदरा अंगात.

तिरडी आमच्या दारात थांबली. मामंजी खुर्चीत बसले होते. सासूबाई तांदूळ निवडत होत्या.

सेक्रेटरी म्हणाले, "काकू, या बाहेर. शेवटचं दर्शन घ्या. कुंकू मग पुसा, घाई नाही." गॅलरी हसली.

सासूबाई उठल्या. आत गेल्या, कुंकवाचा करंडा आणला आणि सगळ्यांसमोर कपाळावर रुपयाएवढं कुंकू लावलं. इतकं की नाकावर सांडलं. मग परत तांदूळ निवडायला बसल्या.

मामंजी मुलाकडे बघत होते. ह्यांच्या हातात मडकं हलत होतं. मामंजी म्हणाले, "दोरी नीट धर. मनगट सैल सोडलंस तर हातावर पडेल. भाजशील."

त्याच आवाजात, ज्या आवाजात पोरांना बॅट धरायला शिकवायचे.

हे गेले पुढे. नाक्यावर पुतळा जाळला. दुपारी जेवायला आले तेव्हा सासूबाईंनी दारातच बादली ठेवली होती. म्हणाल्या, "मयतीहून आलास ना? अंघोळ करून आत ये." हे तिथेच उंबऱ्यावर बसले. मग केली अंघोळ. काय करणार?

इथे संपायला हवं होतं ना? पण गंमत लोकांना सोडवेना. कोणीतरी म्हणालं, मेलेल्या माणसाशी बोलायचं नसतं. झालं. चाळ मामंजींशी बोलायची थांबली. ते गॅलरीत खुर्ची टाकून बसले की बायका त्यांच्या डोक्यावरून ओली लुगडी वाळत घालायच्या, पाणी त्यांच्या मानेवर ठिबकायचं. "इथे कोणी बसलंय का गं?" "नाही गं, मोकळंच आहे." न्हाव्याने त्यांची दाढी करायची सोडली. पोरं त्यांच्या पायावरून उड्या मारून जायची, हीच पोरं जी रविवारी "मास्तर, माझा पाय बघा" म्हणून ओरडायची.

दहाव्या दिवशी पिंडही ठेवला. आमच्या दारासमोर गॅलरीच्या कठड्यावर, केळीच्या पानावर भाताचा गोळा, तूप, दही, सगळं रीतसर. आणि चाळ कावळ्याची वाट बघत उभी राहिली. आता कावळे लालबागला काय कमी? पण त्या सकाळी एक येईना. आला तर कठड्यावर बसायचा, मान तिरकी करून बघायचा, उडून जायचा.

"शिवत नाही! मास्तरांची इच्छा राहिली!"

"कसली रे?"

"हिरोला अजून दोन शिव्या घालायची!"

हशा थांबेपर्यंत मामंजी दारात येऊन उभे राहिले होते. ते म्हणाले, "बोट सुटायला आठवडा आहे. त्याला एकदा माझ्यासमोर उभा करा. एक सकाळ."

क्षणभर सगळे गप्प. मेलेला माणूस बोलला म्हणून नाही. तो मागत होता म्हणून. मग सेक्रेटरी पुढे झाले. पिंडासमोर हात जोडले, खऱ्या दहाव्याला वडीलधारा माणूस जोडतो तसे, आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "मास्तर, निश्चिंत जा! तुमची इच्छा आम्ही पुरी करू. हिरोला या चाळीत आणू!"

आणि कावळा आला. तुम्हाला खोटं वाटेल, पण आला, चोच मारली आणि अर्धा गोळा घेऊन गेला. चाळ अशी हसली, अशी हसली, की खालून हॉटेलवाला इराणी बाहेर येऊन वर बघायला लागला.

सेक्रेटरींनी शब्द पाळला म्हणायचा. बोट सुटायच्या आधी चाळीच्या चौकात हिरोचा सत्कार ठेवला. मंडप, लाउडस्पीकर, हारांचा ढीग. मामंजी सकाळपासून तयार होऊन बसले होते. धुतलेलं धोतर, खडूने पांढरे केलेले बूट. सासूबाईंनी सोलकढी केली होती. मला म्हणाल्या, "आला वर तर वाटी मोठी काढ, त्याला लहान पुरत नाही." मामंजींनी खाट भिंतीला सरकवून खोलीत जागा केली आणि दाराआडच्या स्टंपा पुढे आणून ठेवल्या.

हिरो आला. पांढरी पँट, ब्लेझर, केस मागे वळवलेले. देखणा होता मेला. भाषण छान केलं. मराठी माणसाची मान खाली जाऊ देणार नाही म्हणाला, त्यावर टाळ्याच टाळ्या. तेवढ्यात मागून कोणीतरी ओरडलं, "मास्तरांबद्दल बोला!" हिरोने सेक्रेटरींकडे बघितलं. सेक्रेटरी हसून त्याच्या कानाला लागले. प्रेतयात्रेचं सांगितलं असणार. हिरोने मान वर केली. दुसऱ्या मजल्याच्या कठड्याशी मामंजी उभे होते, त्याच्या अगदी समोर. त्याने बघितलं. मी शेजारी होते, मला दिसलं की त्याने बघितलं.

मग माइकमध्ये म्हणाला, "जाऊ द्या हो. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये."

चौकात हसण्याचा लोट उठला तो जिन्याजिन्याने वर आला. हिरो हार सावरत मोटारीत बसला. मामंजींनी आत येऊन बूट काढले, स्टंपा दाराआड ठेवल्या, खाट जागेवर ओढली. सोलकढी आम्ही दोघींनी प्यायली.

विलायतेत काय झालं ते आम्हाला इराण्याच्या रेडिओवरून कळलं. संध्याकाळची वेळ, खाली रस्त्यापर्यंत माणसं उभी. रेडिओ खरखरायचा, मध्येच समुद्रासारखा आवाज यायचा. एकदम खालची गर्दी गप्प झाली. मग कोणीतरी म्हणालं, "तोंडावर लागला." जबडा फुटला होता. डोळ्याखालीही मार होता. मॅचमधूनच नाही, दौऱ्यातूनच तो गेला.

तुम्हाला वाटेल, आता चाळीला कळलं असेल मास्तर बरोबर होते. कळलं ना. म्हणूनच तर जास्त चिडली. चुकलेल्या माणसाला लोक एकवेळ सोडतात. दुसऱ्या सकाळी दार उघडलं तर उंबऱ्यावर मिरच्या, मोहऱ्या आणि बिब्बा घातलेली काळी बाहुली. नळावर मावशी थुंकली. "तोंडच तसा वायट. म्हातारो बोललो आणि पोराक लागला. तुमची दिष्टच लागली त्याका."

सेक्रेटरींनी फळा पुसला. खालची हिरोची जागा कोरीच राहिली.

आणि मग या प्रेमळ लोकांनी हिरोचं काय केलं तेही ऐका. तो बरा होऊन परत खेळायला उतरला, इथेच, आपल्याच मैदानात. डोळ्याखाली खूण, एका बाजूने ओठ थोडा ओढलेला. वेगवान बॉलर धावायला लागला की स्टँडमधून ओरडा सुरू व्हायचा, "पळ! पळ! पळ!" पहिला आवाज कोणाचा, ते ह्यांनी मला सांगितलं. कबुतरं उडवणारा आवाज दुसरा कोणाचा असणार? सेक्रेटरी म्हणाले होते, मराठी माणसाचं नाक कापलं याने. हिरो पळायचा, आउट व्हायचा. मग टीममधून गेला. सत्कारातल्या फोटोची फ्रेम व्यायामशाळेतून कधी उतरली ते कोणी बघितलंही नाही.

तो आमच्याकडे आला तो अशाच एका दुपारी. पुरुष गिरणीत, बायका लवंडलेल्या. दारात उभा. हातात पेपरात गुंडाळलेली बॅट. मी ओळखलंच नाही आधी. सासूबाईंनी ओळखलं. "ये रे बाबा," म्हणाल्या आणि उठून पाणी आणायला गेल्या.

मामंजी खुर्चीत होते. तोंड खिडकीकडे.

तो म्हणाला, "मास्तर." मग परत, "मास्तर, पाय बघता एकदा?"

मामंजी म्हणाले, "सूनबाई, दारात कोणी आहे का?"

मला वाटलं डोळ्यांमुळे दिसलं नसेल. मी म्हटलं, "मामंजी, ते आलेत. तुमचे..."

"कोणी नाही," मामंजी म्हणाले. "गेलेल्या माणसाकडे कोण येतंय?"

तो समजून चुकला. त्याचेच शब्द होते. पण गेला नाही. बॅटीवरचा पेपर सोडला, खाट आणि पिंपाच्या मधल्या चिंचोळ्या जागेत स्टान्स घेतला आणि अंगावर बॉल येतोय असा खेळला. मागचा पाय लेगला पळाला आणि भरलेल्या तांब्याच्या हंड्यावर आदळला. ठण्ण! पाणी सांडलं. तो ओल्यातच परत उभा राहिला. परत खेळला. परत हंडा वाजला. घामाने शर्ट पाठीला चिकटलेला. "सांगा ना मास्तर. कुठे टाकू? सांगा ना." शेवटी रडत होता. एवढा मोठा पुरुष, ओढलेल्या ओठातून रडणं नीट बाहेर येत नव्हतं.

खिडकीकडचं तोंड वळवून मामंजी पायाकडेच बघत होते. छडीचं टोक जमिनीवर थोडं सरकलं, जिथे पाय पडायला हवा तिकडे, आणि मागे आलं. तो वाकून पायाला हात लावायला आला तेव्हा मामंजींनी दोन्ही पाय खुर्चीवर उचलून घेतले.

तो गेला. पाण्याचा पेला सासूबाईंच्या हातातच राहिला. त्या म्हणाल्या, "एक शब्द बोलला असतात तर काय झिजला असतात?" मामंजी म्हणाले, "मडकं फुटल्यावर काय बोलणार?" आणि रात्री जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी धुणं घेऊन निघाले होते, हातात धोपटणं. मामंजींनी हाक मारली. "इकडे ये. ते धर. बॅटीसारखं. हं. आता उजवा पाय मागे. तसा नाही." खाली वाकून त्यांनी छडीने माझ्या पावलाजवळ फरशीवर टोक टेकवलं. "मागे आणि आत. स्टंपांच्या समोर. लेगला नाही, आत. डोकं बॉलच्या मागे. आता बॉल येतोय, तोंडावर येतोय. डोळे मिटू नको!"

मी दचकले खरी. पण डोळे मिटले नाहीत.

"बस," ते म्हणाले. "एवढंच होतं."

मी विचारलं, "मामंजी, दादरला निरोप धाडू का?"

त्यांनी बराच वेळ माझ्या पायाकडे बघितलं. पाऊल अजून त्यांनी लावून दिलं होतं तिथेच होतं. मग छडी दाराआड स्टंपांपाशी ठेवली आणि म्हणाले, "नको. जा, नळ जाईल."